शेंगदाणा नसलेलं सँडविच

कोल्हापुरात चांगलं सँडविच कुठं मिळतं, हे मला विचारा. राजारामपुरीतल्या गाड्या, रंकाळ्याच्या काठावरच्या गाड्या, कॉलेजांच्या आसपासची कॅफे म्हणवणारी टपरीवजा दुकानं, सगळं मी पालथं घातलं आहे. शेजारणींना वाटायचं, बाईला खाण्याचा शौक आहे. शौक कसला डोंबलाचा! मी चव बघतच नव्हते. चटणीत शेंगदाणा आहे का, एवढंच जिभेनं शोधत होते.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लहान असताना एका बारशाला तिनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. वेळ मिळाला नाही तर काय होईल, तेही त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. तो शब्द मी घरी आणला नाही. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणणारी माणसं आम्ही. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आईनं माझ्या अंगात भिनवलेलं.

आणि राहायला कुठं, तर कोल्हापुरात. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, भडंगात शेंगदाणे, उपासाचं तर विचारूच नका. लेक माझ्या हातचं खाऊन वाढली. पण अकरावीत गेल्यावर एकदा म्हणाली, "मैत्रिणी गाडीवर सँडविच खातात आणि मी बाटलीतलं पाणी पीत उभी राहते." दुसऱ्या दिवसापासून मी गाड्या शोधायला लागले.

बहुतेकांची हिरवी चटणी शेंगदाणे घालूनच वाटलेली असते. मी विचारायचे, "शेंगदाणे नाहीत ना? मुलीला सोसत नाहीत." त्यावर काय काय ऐकलं! "घसा धरलाय व्हय पोरीचा?" "उपास हाय काय? मग शेंगदाणं चालत्यात की!" एक जण तर माझ्यावरच खेकसला, "न्हाईत म्हटलं की, बाई!" आणि मागच्या डब्यात कूट ढळढळीत दिसत होतं. मी रिकाम्या हातानं परत यायचे.

शेवटी रंकाळ्याजवळ एक गाडी सापडली. नवरा भाजायचा, बायको चटणी वाटायची. कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि दाटपणाला फुटाण्याची डाळ. डाळ मला डबा उघडून दाखवली. पाव कडेपर्यंत लोणी लावून खरपूस भाजलेला, बटाट्याला जिऱ्याचा वास, बिटाच्या चकत्या पातळ. तिथं मला पहिल्यांदा चव लागली. ते खरंच सगळ्यात चांगलं होतं, की भीती जरा उतरल्यामुळे तसं लागलं, देव जाणे.

लेकीला घेऊन मी दर शनिवारी जायला लागले. ती खायची आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसायचे. एक हात पर्समध्ये, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेल्या इंजेक्शनवर. ती म्हणायची, "आई, तू पण खा ना." माझं निम्मं गार व्हायचं आणि तेही शेवटी तीच संपवायची.

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तिनं त्यांना मार्क सांगितले. गाडीवाले हरखून गेले. आमच्याकडे माणूस खूश झाला की समोरच्याच्या ताटात काहीतरी जास्तीचं पडतं, आणि ते विचारून वाढायचं नसतं. विचारणं म्हणजे कंजूषपणा. त्यांनी गाडीखालून स्वतःच्या जेवणाचा डबा काढला आणि गरम सँडविचवर लाल चटणी भुरभुरली. शेंगदाण्याची.

"घरची हाय. खा लेकी!"

"अहो, तिला सोसत नाही हो ते," मी म्हटलं.

"एवढ्यानं काय हुतंय, वहिनी! आनंदाचा दिस हाय."

ताटली पुढं आली. माझ्याकडे दुसरे शब्दच नव्हते. मी पुन्हा तेच पुटपुटले. लेकीनं दोन्ही हात मागं घेतले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, ह्यानं मी मरंन."

गाडीवाल्यांनी पुढं केलेली ताटली मागं घेतली.

"मरंन म्हंजे?"

"मरंन म्हंजे मरंन. श्वास बंद हुतोय माझा."

त्यांनी ताटली लांब नेऊन ठेवली. बायकोनं सुरी, कापायची फळी, हात साबणानं धुतले आणि पावाचा नवा पुडा फोडला. गाडीवाले माझ्याकडे वळले. "वहिनी, इतके दिस येतायसा. हे आदी का न्हाय सांगितलंसा?"

"सांगितलं होतं की."

"सोसत न्हाय म्हटलंसा. मला वांगं सोसत न्हाय."

घरी जाताना मी लेकीवर चिडले. कुणावर तरी चिडायला हवं होतंच. "तिन्हीसांजेला असलं बोलतात का?"

"मग त्यांना कळणार कसं?" ती म्हणाली. "आणि रस्त्यावर कुठली गं वास्तू?"

आता ती कॉलेजच्या शिबिराला चंदगडकडे निघाली आहे. तिथं स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा नंबर तिनंच मला आणून दिला आणि 'नीट सांग' एवढंच म्हणाली. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फोन हातात घेतला आणि जिभेवर पुन्हा तेच आलं, सोसत नाही. मी फोन खाली ठेवला. चपला घातल्या, फोन घेऊन फाटकाबाहेर गेले आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहून नंबर लावला.

"बाई, शेंगदाणा पोटात गेला तर माझी मुलगी मरेल."

त्या म्हणाल्या, "सांगितलंसा ते बरं केलंसा, ताई. ती हाय तवर कूट सैपाकात येऊ देत न्हाय."

मी फोन बंद केला. समोर आमचं दार उघडं होतं, आत लेक बॅग भरताना दिसत होती. मी रस्त्यावरच थांबले. तो शब्द तोंडातून पुरता गेला आहे, याची खात्री पटेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही.