भेंडीचं टोक

मंगळवार, सप्टेंबरअखेर. क्रीट बेटावरचा आठवडी बाजार. हजर: मी एकटी. हे गेल्यानंतरची माझी ही पहिलीच सहल.

एका टेबलावर कोवळी भेंडी दिसली आणि सवयीने मी टोक मोडून पाहिलं. भाजीवाली तोडक्या इंग्रजीत ओरडली, "मोडलीस ना बाई? आता घेच!" मग स्वतःच हसली. "नवऱ्याला आवडते?"

"फार," मी म्हटलं.

"मग ही त्याची," म्हणत तिने वर मूठभर घातली.

बाजारात आपण एकटे गेलो तरी पिशवी घराची असते. ह्यांच्या वाटणीची भाजी घेऊन मी समुद्राच्या कडेने परतले. हॉटेलच्या खोलीत शेगडी नाही. भेंडी कुणाला द्यायची, ते अजून ठरवायचं आहे.