मोताळ्याच्या बाजारातला बर्फ

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली, पण मोताळ्याच्या आठवडी बाजारातल्या बर्फाचं प्रकरण मी विसरलेलो नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या दोन गावांत देवीचा रोग आला होता. नागपूरहून लस रेल्वेने मलकापूरला यायची. लाकडी खोक्यात भुसा, भुशात बर्फ आणि मधे लशीच्या नळ्यांचा डबा. तिथून खोका प्रवासी मोटारीने बुलढाण्याच्या दवाखान्यात जायचा. लस लागू पडली की टोचल्या जागी फोड येतो, पण टोचलेल्या मुलांच्या दंडावर फोडच धरेना. लस उष्णतेने मरते आहे, असं डॉक्टरांनी ठाण्याला लेखी कळवलं.

मोटारीच्या ड्रायव्हरने सांगितलं, "ऊन लय हाये साहेब. बर्फ वितळून जाते."

खरं वाटण्यासारखंच होतं. पण बाजाराच्या बंदोबस्तावरून आलेले आमचे जमादार म्हणाले, "साहेब, मोताळ्यात शरबतवाला गिलासात बर्फ टाकून राह्यला. इथं तर बर्फाचा कारखाना नाही. मंग आणते कुठून?"

पुढचा खोका आला तेव्हा मी आधीच दवाखान्यात जाऊन बसलो. दोन पंचांसमोर तो उघडला. बर्फ नव्हता, आणि भुसा जेमतेम ओलसर होता. सगळा बर्फ वितळला असता तर भुसा चिंब भिजायला हवा होता. पंचनामा केला आणि ड्रायव्हरला ठाण्यावर आणलं.

चाळिशीचा, निर्व्यसनी माणूस. तासभर तो उन्हाचंच कारण सांगत राहिला. दमदाटीने असा माणूस मिटूनच जातो, म्हणून मी चहा मागवला आणि विचारलं, "त्या डब्यात काय असतं, माहीत आहे?"

"औषध असन."

"देवीची लस. बर्फ काढला की ती मरते. मग टोचून उपयोग नाही."

त्याने कप खाली ठेवला. "माह्या पोरीले मागच्या पंधरवड्यात टोचलं साहेब. फोड आला नाही तं आमी खुश झालो. म्हटलं, पोरीले तरास नाही झाला."

मग त्याने सगळं सांगितलं. शरबतवाला त्याचा साळा. खोका आला की बर्फासाठी हट्ट धरायचा, आणि बायकोच्या भावाला नाही म्हणणं याला जमलं नाही. मी जबानी लिहून घेतली, त्याने सही केली.

नागपूरला तार केली. नवी लस आली तेव्हा मोटार चालवायला दुसरा माणूस मिळेना. मी त्यालाच पाठवलं, शेजारी एक शिपाई बसवून. शिपाई परत येऊन म्हणाला, "साहेब, वाटेत पाण्यालेही थांबला नाही तो."

दोन्ही गावांत पुन्हा टोचणी झाली. आठवड्याने ड्रायव्हर मुलीला कडेवर घेऊन ठाण्यात आला आणि तिच्या दंडावरचा टपोरा फोड मला दाखवला. मुलगी रडत होती, तो हसत होता. रोग त्या दोन गावांपलीकडे गेला नाही. कोर्टाने त्याचा कबुलीजबाब आणि वागणूक पाहून शिक्षा हलकी दिली.

तो खोका इतके दिवस त्याच्या हाती जात होता, पण त्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून कुणावर पहारा बसवण्याआधी मी त्या माणसाला समोर बसवून त्याच्या हातातल्या कामाचं मोल समजावून सांगू लागलो. पुढच्या नोकरीत पुष्कळदा मग पहारा बसवावाच लागला नाही.