केक आणा रे, आणि तरी बंद

आमचा इंटरनेट रेडिओ माझ्या वसईच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीतून चालतो. खिडकीला गोधडी टांगायची, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होऊन बोलायचं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की खालच्या मजल्यावरचे अंकल गिटार घेऊन वर येतात. ते मूळचे इथल्याच पाचूबंदर कोळीवाड्यातले. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये जुनी इंग्लिश रॉक गाणी वाजवायचे. मी शाळेतून निवृत्त झालेली, नाट्यपदं गाणारी. पहिला अर्धा तास त्यांच्या रॉकचा, दुसरा माझ्या नाट्यसंगीताचा. दोघांचे ऐकणारे वेगळे, आणि दोन्हीकडचे म्हणतात की समोरच्याचा अर्धा तास काढून टाका.

तेही सोसलं असतं. वैताग येतो तो त्या यंत्राचा. ज्या साइटवरून आम्ही प्रसारण करतो, तिथे कुणी माणूस बसत नाही. यंत्र ऐकतं आणि यंत्रच ठरवतं की हे गाणं चोरीचं आहे. एकदा मी माझ्याच पेटीवर माझ्याच गळ्यानं म्हटलेलं पद त्यानं कुठल्याशा कंपनीच्या मालकीचं ठरवलं. खरं तर मी तेव्हाच हात जोडायला हवे होते. पण अंकल म्हणाले, "वहिनी, आता सोडायचं नाय. आपल्याला आन्टीला ऐकवायचंय."

आन्टी म्हणजे त्यांच्या बँडची गायिका. सकाळी बंदरावर मासळी विकायची आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या स्टेजवर इंग्लिश गाणी म्हणायची. इंग्रजी फारसं येत नव्हतं. कॅसेट ऐकून ऐकून शब्द उचललेले. आता घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज गेला, उरली ती नुसती घोगरी कुजबूज. अंकलनी एका लग्नातली जुनी कॅसेट शोधून काढली होती. तिच्यात आन्टी अशी गाते की मी ऐकताना पेटीवरचा हात काढून घेतला. मध्येच मंडपातून कुणीतरी ओरडतं, "केक आणा रे!" आणि ती न थांबता पुढचं कडवं उचलते.

आम्ही रविवार ठरवला. आन्टीनं सगळ्यांना कळवलं. कॅनडातली बहीण जागी राहणार होती, आखातातला भाचा ड्यूटी बदलून घेणार होता, आणि पाचूबंदरला तिच्या ओटीवर शेजारणी मोबाइलभोवती जमणार होत्या. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. रेडिओवर कोण बघतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मी चार शब्द बोलले, त्यांनी बँडची गोष्ट सांगितली आणि गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं. "केक आणा रे" गेलं. आणि आवाज बंद. पडद्यावर लाल पट्टी: दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळल्यामुळे प्रसारण थांबवलं आहे.

"वायर निघाली काय?" अंकल म्हणाले.

"वायर नाही. त्यांना वाटतंय हे मूळ गाणं आहे."

"मूळ?" ते उठून उभे राहिले. "मूळ गान्यात केक आणा रे म्हनतात?"

मी बटणं दाबत राहिले. पुन्हा सुरू करा, नाकारलं. पुन्हा सुरू करा, नाकारलं. शेवटी तक्रारीचा अर्ज भरला. उत्तर लगेच आलं, धन्यवादासकट, आणि त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात कॅनडातल्या बहिणीचा मेसेज आला, "काय झालं? झोपू का?" मला फक्त रडू कोसळायचं बाकी होतं.

अंकलनी कॅसेट आणि टेप पिशवीत घातला. "चला वहिनी, तिला घरी जाऊन ऐकवू."

आम्ही स्कूटरवरून पाचूबंदरला गेलो. शेजारणी पांगल्या होत्या. आन्टी ओटीवर एकटीच बसली होती, चांगली साडी नेसून. अंकलनी टेप लावला. तिनं हात पुढे करून तो बंद केला.

"मला काय ऐकवतोस?" ती कुजबुजली. "मला पाठ हाय. बाकीच्यांनी ऐकायचं होतं."

"रेकॉर्डिंग फोनवर पाठवतो ना सगळ्यांना," अंकल म्हणाले.

"फोनवर लग्नाचे व्हिडिओ पन येतात. कोन बघतं?" ती आत गेली. आम्हाला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

पुढे कितीतरी आठवडे मी अर्ज करत राहिले. हे आमचं गाणं आहे, आमच्याच माणसांनी वाजवलंय, हे मी किती तऱ्हांनी लिहिलं असेल! मग एका दुपारी, मी भाजी निवडत असताना, मेसेज आला की तुमची तक्रार मान्य झाली आहे. चूक कुणाची, हे नव्हतं. माफी तर नव्हतीच.

पुढच्या रविवारी आम्ही गाणं पुन्हा लावलं. शेवटपर्यंत वाजलं. पण बहीण झोपली होती, भाच्याला ड्यूटी बदलून मिळाली नाही, आणि शेजारणी म्हणाल्या की मागच्या वेळी बसलो होतो ना. एका अनोळखी श्रोत्यानं लिहिलं, "हिंदी गाणी लावा." गाणं संपता संपता माझा फोन वाजला. आन्टी होती. मी उत्साहानं विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं. त्याला सांग, तुझी गिटार माझ्या आवाजावर चढते. तेव्हा पन सांगितलेलं."

अंकल माझ्याकडे बघत होते. "काय म्हनाली?"

खोटं सांगायचा मोह झाला. पण ते तिच्या ओटीवर जाऊन विचारणारच होते, म्हणून जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी गिटार खोळीत घातली, चेन लावली.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "एकदा तरी बरं वाजवलंस म्हनायचं."

चहा न घेताच ते खाली गेले. माझा अर्धा तास अजून बाकी होता. मी गोधडी नीट केली, कपाळ पुसलं आणि पेटी पुढे ओढली.