ध्यान वाढवून आणलं

आमच्याकडे ‘ध्यान’ ह्या शब्दाला फार राबवून घेतात. एखादी गोष्ट आठवली नाही तर ‘ध्यानात राहिलं न्हाई’ म्हणायचं. कुणी नीट ऐकत नसेल तर ‘ध्यान कुठं हाये तुझं’ म्हणायचं. आणि माणूस मळक्या बनियनवर मफलर गुंडाळून, दोन पायांत दोन जातीच्या चपला घालून दारात उभा राहिला की ‘काय ध्यान हाये’ म्हणायचं. हे शेवटचं मी माझ्या नवऱ्याला लग्न झाल्यापासून म्हणत आले. त्यामुळे एक दिवस लॅपटॉप पिशवीत घालून ते म्हणाले, “ह्याचं ध्यान कमी हाये, वसमतला नेऊन वाढवून आणतो,” तेव्हा मी म्हटलं, “दोघांचं बी वाढवून आणा, एकाच खेपेत.”

ते हसले. माझ्या बोलण्याला हसायची त्यांना सवय आहे, नाहीतर हा संसार कधीच मोडला असता.

आता हा लॅपटॉप आमच्यासारख्या दोन म्हाताऱ्यांच्या घरात काय करत होता, ते सांगते. मी हट्ट्याला प्राथमिक शाळेत शिकवायचे. निवृत्त झाले आणि कुरुंद्याला घर होतं तिथं येऊन राहिले. हट्ट्याला माझ्या वर्गात एक पोरगी होती, जन्मापासून डोळ्यांनी न दिसणारी. चौथीपर्यंत माझ्याकडे होती. मी वर्गात शिरले की नुसत्या पावलांवरून शेजारणीला सांगायची, “आज बाईंना राग येऊन राहिला.” आणि ते दरवेळी खरं निघायचं, म्हणून मला अजूनच राग यायचा. लई गोड पोरगी.

ती बारावीला गेली आणि सहामाहीत इतिहासात नापास झाली. बाकी सगळे विषय निघाले, इतिहासानं धरून ठेवलं. तिच्या आईनं स्पष्ट सांगितलं होतं, बारावी निघाली तर परभणीच्या कॉलेजात घालू, तिथं मुलींच्या वसतिगृहात राहशील. न्हाई निघाली तर घरीच बस. आई वाईट नव्हती, तिला लेकराची काळजी होती. पण पोरीला मास्तरीण व्हायचं होतं. घरी बसून कोण मास्तरीण झालंय?

तिनं मला फोन केला. म्हणाली, “बाई, फोनमध्ये वाचून दाखवणारी एक बाई हाये, पण ती कधी थांबतच न्हाई. हसत न्हाई, रागावत न्हाई. ‘निर्वसाहतीकरण’ म्हणताना तिला दम बी लागत न्हाई. माझ्या ध्यानात काहीच राहत न्हाई. तुमी वाचून द्याल का इतिहास?”

मी तिथंच हो म्हणून टाकलं. नंतर कळलं की हो म्हणणं सोपं होतं.

पुस्तकाची अक्षरं मला बारीक वाटायची. फोनवर रेकॉर्ड करून बघितलं, पण मधेच कुणाचा तरी फोन यायचा आणि सगळं तुटायचं. आमच्या नात्यात लोकांना दुसरे उद्योग नाहीत. मग मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप माळ्यावरून काढला. त्यात पुस्तक मोठ्या अक्षरात दिसायचं आणि रेकॉर्डिंगही त्यातच व्हायचं. मुलानं पुण्याहून आधीच सांगितलं, “आई, तो स्वस्तातला होता, फार जीव नाही त्याच्यात.” ते खरंच होतं. मी बटण दाबून तांदूळ निवडायला बसायचे. तांदूळ निवडून, धुऊन, कुकरला लावून परत यायचे, तेव्हा कुठं ते महाराज डोळे उघडायचे.

आणि मग वाचताना अडकायचं. रेकॉर्डिंग चालू असायचं, माझा आवाज आत जाऊन राहिलेला असायचा, पण पुस्तकाचं पुढचं पान काही यायचं नाही. बाण फिरतोय, फिरतोय. मला गप्प बसवत नाही. पस्तीस वर्षं वर्गात बोललेली बाई मी, समोर कुणी ऐकतंय म्हटल्यावर गप्प कशी बसू? मग मी झालेल्या पानावर बोलायचे. “तर बघ पोरी, आता हे ध्यान अडकलंय, तोपर्यंत आपण मागचं बघू. युरोपातले लोक आपल्याकडं काहून आले होते? बराबर, व्यापाराला.” तेवढ्यात स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज यायचा, “चहा ठेवू का? अद्रक टाकू का?” मग मी ह्यांच्यावर ओरडायचे. ते सगळं आत जायचं. कापून काढायचं मला जमत नव्हतं, ह्यांनी एकदा प्रयत्न केला तर लॅपटॉपच झोपला. शेवटी आहे तसंच पोरीला पाठवायचो आणि मी वर निरोप टाकायचे, मधल्या कटकटीकडं लक्ष देऊ नको म्हणून.

तिचं उत्तर यायचं, “चालतंय बाई.”

शीतयुद्धाचा धडा पाठवून झाला आणि पुढच्या धड्याला घात झाला. पूर्ण धडा वाचला, घसा कोरडा पडला, आणि शेवटच्या पानावर पडदा काळा. अख्खा धडा गेला. मी डोक्याला हात लावून बसले. परीक्षा जवळ येऊन राहिलेली, निम्मं पुस्तक बाकी. “तुमच्यामुळं झालं,” मी ह्यांना म्हटलं. “तुमी हळदीचे भाव उघडे ठेवता, पेपर उघडा ठेवता, कुणाच्या लग्नाचे फोटो उघडे ठेवता. बंद करायला हात दुखतात का?”

“बंद केलं की परत सापडत न्हाई,” ते म्हणाले. पोस्टात नोकरी झालेला माणूस आणि वस्तू सापडत नाही म्हणतो.

मुलाला फोन केला तर म्हणाला, मेमरी कमी पडते, वाढवून घ्या; ह्यांनी त्या मेमरीचं ‘ध्यान’ केलं. त्याच दिवशी पिशवीत घालून आम्ही दोघं वसमतला गेलो. मी सोबत गेले, कारण हे एकटे गेले की दुकानदार जे म्हणेल त्याला मान डोलावून येतात. दुकानदारानं लॅपटॉप उलटा करून उघडला आणि म्हणाला, “काकू, आधीच सांगतो, मंग भांडायला येऊ नका. ह्याचा प्रोसेसर लई साधा हाये. मेमरी टाकली म्हणून हे काही पळणार न्हाई.”

“मंग टाकायची काहून?”

“असं बघा. मेमरी म्हंजे तुमचा ओटा. ओटा मोठा केला म्हणून काही स्वयंपाक करणाराचा हात चलाख होत न्हाई. पण लहान ओट्यावर एक भांडं ठेवायला दुसरं खाली ठेवावं लागतं, परत उचलावं लागतं. सगळा वेळ त्यातच जातो. ती तकलीफ कमी होईल.”

मला पटलं. माझा स्वतःचा ओटा हातभर आहे, ह्यांना किती वेळा सांगितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते. मेमरी टाकून घेतली.

घरी येऊन लावलं तर सुरू व्हायला तेवढाच वेळ. तांदूळ निवडून झाले, धुऊन झाले. मी मनात दुकानदाराला चार शब्द ऐकवायची तयारी केली. पण एकदा सुरू झाल्यावर पुस्तक उघडलं, रेकॉर्डिंग लावलं आणि वाचायला लागले, तर पान म्हणताच पान. कुठं अडणं नाही, बाण फिरणं नाही. ह्यांनी मुद्दाम हळदीचे भाव उघडून बघितले, तरी चालूच. आमच्या दोघांचे चेहरे असे खुलले की कुणाला वाटावं घरात पाळणा हलला.

मग मी जोरात कामाला लागले. ह्यांना ओसरीवर बसवलं, दार लावून घेतलं, कुकरची शिट्टी नको म्हणून स्वयंपाक सकाळीच उरकला. रेडिओवरच्या बायका वाचतात तसं एका दमात, स्वच्छ, कुठं खोकला नाही. गेलेला धडा परत वाचला, पुढचेही धडाधड झाले. मला माझाच आवाज आवडायला लागला. ह्यांना ऐकवलं तर म्हणाले, “चांगलं झालं,” आणि चहा ठेवायला उठून गेले. तेव्हा मला काही खटकलं नाही.

चार-सहा दिवसांनी पोरीचा फोन आला.

“बाई, रागावणार न्हाई ना?”

“आधी बोल, मंग ठरवते.”

“नवीन धडे लई साफ हायेत बाई. पण ध्यानात राहत न्हाईत.”

माझा पारा असा चढला. मी घसा फोडून वाचते, वसमतला जाऊन यंत्राचं ध्यान वाढवून आणते आणि ही म्हणते ध्यानात राहत नाही. “मंग जुने राहतात का?” मी विचारलं.

“जुने सगळे राहतात,” ती म्हणाली, आणि शीतयुद्धाचा धडा म्हणायला लागली. धडा म्हणजे नुसता धडा नाही. “दोन बाजू समोरासमोर लढत न्हाईत, पण बोलत बी न्हाईत, दोघं दारूगोळा जमवून बसतात. इथं तुमचं पान अडकलं. मंग तुमी म्हणालात, आमच्या घरात सकाळपासून हेच चालू हाये, ह्यांनी न विचारता पाहुणे जेवायला बोलावले. मंग काका लांबून म्हणाले, चुकलं माझं, चहा ठेवू का? आणि तुमी म्हणालात, ऐकलंस का पोरी, ह्याला तणाव शैथिल्य म्हणतात. बाई, नवीन धड्यात तुमी त्या फोनमधल्या बाईसारखं वाचता. थांबतच न्हाई.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकी वर्षं शिकवलं, आणि मला हे एका पोरीनं सांगावं लागलं की वाचणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. लॅपटॉप अडकायचा तेव्हा मी शिकवायचे. तो अडकायचा थांबला तशी मी नुसती वाचायला लागले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. विचारायला लागला, मेमरी टाकून फरक पडला का. मी म्हटलं, “पडला. नको तितका पडला.”

परीक्षा तोंडावर. पुन्हा सगळे नवीन धडे घ्यायचे ठरवलं. आता पान पटकन यायचं, पण मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “समज पोरी, हे ध्यान अडकलंय. काय बघितलं आपण?” ह्यांना ओसरीवरून आत बोलावलं. पहिल्या दिवशी नवी बंडी घालून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले आणि तोंडातून शब्द नाही.

“बोला की,” मी म्हटलं.

“काय बोलू?”

“रोज काय बोलता ते बोला.”

“रोज तू मला गप्प बस म्हणतीस.”

तेही आत गेलं, तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र गडी रुळला. ‘म्हंजे काय’ असं मधेच विचारायला लागले, आणि ते पोरीसाठी नव्हतं, त्यांना खरंच माहीत नसायचं. निर्वसाहतीकरण मी त्यांना तीन तुकडे करून समजावलं. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि ते म्हणाले, “थांब, गॅस बंद करून येतो, तोवर पुढं जाऊ नको.” मी गेले नाही. खरं सांगते, मला त्या दिवसांत त्यांचं जितकं कौतुक वाटलं, तितकं लग्नात सुद्धा वाटलं नव्हतं.

पेपरच्या दिवशी मी देवापाशी दिवा लावून बसले. दुपारी पोरीचा फोन आला. तणाव शैथिल्य आलं होतं. “लेखनिक पोरगी प्रश्न वाचून थांबली,” ती सांगत होती, “आणि मला पहिले काही सुचेचना. मंग काकांचा आवाज आला, चहा ठेवू का. आणि त्याच्या मागं सगळं उत्तर आलं बाई, ओळीनं.” मी ह्यांना हाक मारून तिला परत सांगायला लावलं. त्यांनी ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि परसात जाऊन उगाच झाडांना पाणी घालत राहिले. सकाळीच घातलं होतं.

ती पास झाली. परभणीला जायच्या आधी आईला घेऊन पेढे द्यायला आली. आई दारातच माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “बाई, वसतिगृहात नाव घातलं.” मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही. पोरीला शेजारी बसवलं, तर तिनं हात पुढं करून विचारलं, “बाई, मला एकदा त्या ध्यानाला हात लावून बघायचा हाये. तुमी सारखं म्हणायच्या ते. लॅपटॉप का काका, मला शेवटपर्यंत कळलं न्हाई.”

मी लॅपटॉप आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याच्या झाकणावरून हळूच हात फिरवला, शाळेत माझ्या हातावरून फिरवायची तसा.

“हा लॅपटॉप,” मी म्हटलं. “ध्यान आत चहा ठेवायला गेलंय.”

आतून आवाज आला, “अद्रक टाकू का?”

पोरगी हसायला लागली. तोंडाला पदर लावून मी म्हटलं, “टाका.”