मंत्र्यांनी वेचलेला मोह

आज अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा गोड वास आला आणि करोनातली ती सकाळ आठवली.

मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावात लसीची गाडी आली होती. पण माझी आत्या वयाने सगळ्यांत मोठी; तिच्याआधी सुई टोचून घ्यायला कोणी तयार नव्हतं. आणि आत्या मोहाच्या झाडाखालून हलेना. मी भोंग्यावरून जोरदार भाषण ठोकलं. त्याने फक्त कुत्री पळाली.

तेवढ्यात पाहणीला आलेले दिल्लीचे मंत्री थेट झाडाखाली गेले आणि त्यांनी कारण विचारलं.

"मी उठली तं गाई मोह खाऊन टाकतीन. मंग सालभर काय इकू?"

"तुम्ही जा बाई, मी येचतो," म्हणत मंत्री टोपली ओढून खाली बसले. लाजेकाजेस्तव मीही दुसरी टोपली घेऊन बसलो.

आत्या निघाली आणि तिच्यामागे अख्खं गाव. सुई घेऊन परतल्यावर तिने दोन्ही टोपल्या पाहिल्या. मंत्र्यांची मोहाने भरलेली, माझ्या टोपलीत निम्मा पाचोळा.

"हा मानूस कामाचा हाये," ती मंत्र्यांकडे पाहून म्हणाली. "तू भाषनच देत जा, बापू."

आज मी वेचून आणलेल्या मोहातला पाचोळा निवडत आत्या समोरच बसली आहे. मघाशीच म्हणाली, "त्या मंत्र्यालेच बलाव ना."