काठावरचा तांब्या

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी अनेक वर्षं वाचत आले, पण करमणूक म्हणून. वाचायचे आणि मनातल्या मनात खोडून काढायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते; पुरावा नसलेली गोष्ट मानायची नाही, ही सवयच लागलेली. शिवाय आमचं घर जैन. आमच्यात आत्मा रेंगाळत नाही — देह सुटला की लगेच दुसरा जन्म. म्हणून पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. म्हणजे भूत न मानायला माझ्याकडे विज्ञान होतं आणि धर्मही. तरी हे लिहिते आहे...

घर कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला. मागच्या अंगणात विहीर, चारी बाजूंनी उंच भिंत, आणि अंगणात जायला फक्त स्वयंपाकघरातलं दार. वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — रोज सकाळी त्या विहिरीचं पाणी काढून दुहेरी फडक्यातून गाळायचे. नळ आला, फिल्टर आला, तरी पिण्याचं पाणी हेच. गाळून झालं की फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचे आणि ते एका पितळी तांब्यात धरायचे. ही जिवाणी. फडक्यात अडकलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत पोचवायचे. वरून ओतायचं नाही, जीव आपटतात. तांब्या दोरीनं खाली सोडायचा, पाण्याला टेकला की तळाच्या कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढून अलगद कलंडवायचा.

लहानपणी मी विचारायचे, "आप्पा, न दिसणाऱ्या जिवांसाठी एवढं?"

"आपण तरी कुणाला दिसतोय गं?" ते म्हणायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी पाणी गाळलं, जिवाणीचा तांब्या भरून काठावर ठेवला, आणि तिथेच खाली बसले. आई चहा घेऊन गेली तोवर सगळं संपलं होतं. माणसं जमली. मदतीला आलेल्या बायकांनी अंगण झाडलं, भांडी घासली. तो तांब्याही घासून पालथा घातला. जिवाणी मोरीत गेली. आईच्या हे ध्यानात आलं ते रक्षाविसर्जन झाल्यावर.

मी रजा काढून आईजवळ राहिले होते. थोड्याच दिवसांत एका सकाळी मागचं दार उघडलं, तर तांब्या विहिरीच्या काठावर होता. भरलेला. तारेवर फडकं, ओलं. मला वाटलं, आई. दुःखात माणसाचे हात आपोआप जुनी कामं करतात, असं मी वाचलं होतं. पुन्हा तेच झालं, पुन्हा झालं... मग विचारलं.

"मी?" आई म्हणाली. "ह्या गुडघ्यानं मी रहाट ओढनार व्हय? मला वाटलं, तूच करतीस."

शेजारचे दगडूतात्या रोज बसायला यायचे. त्यांच्या कानावर घातलं. "वैनी, आमच्यात बरं असतंय बघा," ते म्हणाले. "कावळा शिवला की सुटला मानूस. न्हाई शिवला तर कावळ्याला शिव्या तरी घालता येत्यात. तुमच्यात कुणाला इचारायचं?"

आप्पा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. "आमच्यात इचारायचंच नसतंय, तात्या. गेला म्हंजे गेला." पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी आईला कोल्हापुरात माझ्या फ्लॅटवर आणलं. मागच्या दाराला आतून कडी, पुढच्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. काही दिवसांनी भर दुपारी परत आलो. अंगणातली फरशी पाय भाजत होती. तांब्या काठावर होता, काठोकाठ. आणि फडक्यातून पाणी ठिबकत होतं. त्या उन्हात!

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मी हसले. मोठ्यानं "आप्पा" म्हणाले.

आई मटकन खाली बसली. "हसतीस काय सुमे? ते अडकल्यात. जल्मभर मुंगी चुकवून पाऊल टाकलं त्या मान्सानं, आनि असं काठावर?" मग तिनं तांब्याकडे बोट केलं. "ते हितं असतील तर आपलं समदं खोटं. आनि आपलं खरं असंल, तर हितं कोन हाय?"

"राहू दे ना, आई. कुणाला त्रास आहे त्यांचा?"

"त्यास्नी हाय की!" ती ओरडली. "उठीव मला. त्यांची जिवानी पोचवायची ऱ्हायलीया."

तिला विहिरीशी नेलं. तिनं तांब्याला दोरी लावली. सोडताना खालून मीही धरली. "हळू. आपटू नगो." तांब्या पाण्याला टेकल्याचं हाताला कळलं. आईनं कडीची दोरी ओढली. आवाजसुद्धा झाला नाही.

"झालं बघा," ती विहिरीत वाकून म्हणाली — त्यांना जेवायला बोलवायची त्याच आवाजात. "पोचवलं. आता मागं बघू नका. जावा."

दुसऱ्या दिवशी तांब्या पालथा होता, आम्ही ठेवला तसा. फडकं कोरडं. तेव्हापासून रोज तसंच. आई आता शांत झोपते. तात्या म्हणतात, भिंतीवरून कोणीतरी येत असंल. मग स्वतःच म्हणतात, "पर पानी भरून ठेवनारा चोर कुटं बघितलाय?" मला याहून बरं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. शोधते आहे, असंही म्हणवत नाही.

मी आता गडमुडशिंगीलाच राहते, इथूनच कोल्हापूरला कामाला जाते. जाण्याआधी पाणी मी गाळते, आईचा हट्ट. तांब्या भरून काठावर ठेवते. दोरी सोडवून घ्यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात रोज एकदा मनात येतं — आज तांब्या असाच काठावर राहू द्यावा, आप्पांसाठी, आणि आत निघून जावं.

मग स्वयंपाकघरातून हाक येते, "पोचवलंस का गं?"

"पोचवते," मी म्हणते, आणि दोरी हातात घेते.