पडीक रानाचे गार्डसाहेब

आपल्या शेतात मेंढ्या शिरल्या म्हणून गावभर पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे भुसावळला आमच्या शेजारी राहणारे नाना. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन साक्रीजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर राहायला गेले. बारा वर्षं नांगर न लागलेल्या त्या रानात नुसती कुसळी माजली होती. दुसरं गवत औषधालाही सापडत नव्हतं. भावकी म्हणाली, पेटवून द्या. नानांनी ठेलारी मेंढपाळांना बोलावणं धाडलं. "कुसळीला बी धरायच्या आत मेंढ्यांनी ती खुडली, की खालच्या रोपांना ऊन मिळतं," हे ते इतक्या ठामपणे सांगत, की आजवर आपण अडाणीच राहिलो असं ऐकणाऱ्याला वाटे.

पावसाळ्यात मेंढ्या चारायच्या त्याही वेळापत्रकानं. चार दिवस, वर एक तास नाही. आत सोडताना हिरवी झेंडी, बाहेर काढताना शिट्टी. एकदा शिट्टी वाजूनही कळप ढिम्म हलेना, तेव्हा नाना "गाडी लेट होतेय!" म्हणून ओरडत सुटले. "नोकरीत प्रवासी तरी ऐकत होते का?" काकू ओट्यावरून म्हणाल्या. मग वर्षभर त्या रानात जनावराला मज्जाव. पाहुण्यांना मात्र सक्ती. आमच्या नव्या जावयाला त्यांनी कोऱ्या पँटीनिशी लेंड्यांत बसवून रानमुगाचं रोप दाखवलं.

तिसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली. चार दिवस संपले तेव्हा मी तिथेच होतो. बाहेर कुठे काडी उरली नव्हती. कळपाचे म्हातारे मेंढपाळ आबा कुंपणाशी उभे होते. नानांनी शिट्टी तोंडाला लावली, आणि न वाजवताच खाली घेतली.

"आबा, राहा अजून आठ दिवस."

आबांनी मान हलवली. "नई नाना. बठ्ठं खाई टाकतीन, मंग काय उगी?"

सगळंच खाल्लं तर पुढे उगवणार काय, एवढाच हिशोब मांडून ते उपाशी कळप घेऊन गुजरातच्या वाटेला लागले. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढल्या पावसात रानानं कमाल केली. मारवेल-पवन्यासारखी गवतं, रानमूग, नाव ठाऊक नसलेली निळी-पिवळी फुलं. पेटवून द्या म्हणणारी भावकीही बघायला आली. नाना प्रत्येकाला बांधाबांधानं हिंडवत. फक्त "हे जमवलं कसं?" असं कोणी विचारलं, की गुजरातच्या रस्त्याकडे बघत आणि म्हणत, "ज्यांना विचारायला हवं, ते यंदा अजून आले नाहीत."